दुसरा स्पर्श

वर गेलेल्या तीन हातांत एक माझा होता,
हे आधी सांगून टाकतो.

एकलहऱ्याच्या कॉलनीतलं ग्राउंड. जानेवारी.
चिमणीचा धूर थंडीनं जागीच थिजलेला,
आहेर सरांच्या घडीच्या खुर्चीभोवती आम्ही पाच जण,
कानांना मफलर, हातात कागदी कप,
वाल्मीक खैरनारचं काय करायचं ते ठरवायला.

वाल्मीक तेव्हा पलीकडे नेट बांधत होता.
अठरा वर्षं तोच बांधायचा.
दोरी दातांनी ओढून गाठ,
मग मधोमध उभं राहून टाचा उचलायच्या, हात वर,
बोटाच्या टोकापासून चार बोटं वर पट्टी आली की झालं.
पंच दरवेळी टेप लावून बघायचे
आणि दरवेळी काही न बोलता टेप खिशात घालायचे.

आमच्या वेळी त्याला लिफ्टर म्हणायचे, आता सेटर.
पहिला स्पर्श चेंडू वाचवतो, तिसरा मारतो,
टाळ्या या दोघांच्या.
दुसरा स्पर्श वाल्मीकचा.
माझे दोन फोटो आले होते पेपरात, स्मॅश मारतानाचे.
दोन्हींत कडेला एक कोपर आहे, अर्धं कापलेलं.
ते त्याचं.

हे सगळं ठाऊक होतं, आणि हात वर गेला.

सरांनी गुडघ्याचं नाव पुढं केलं.
गुडघे तर सगळ्यांचेच गेलेत.
लाझरसनं आकडे मांडले, तो जिन्याच्या पायऱ्याही मोजतो.
मला दिसत होतं ते असं, की
मी खेळणं सोडून तीन वर्षं झाली
आणि वाल्मीक अजून चेंडू मलाच देत होता.
डाव्या खांबापासून दीड हात, उंच, सावकाश,
मला लागायचा तसा,
आणि तिथं आता बावीस वर्षांचा शेवाळे
कधीच उडी मारून खाली यायला लागलेला असायचा.
लोक म्हणायचे, शेवाळेचं टायमिंग बिघडलंय.
पोराचं काही बिघडलं नव्हतं.
त्याच्या जागेवर हवेत अजून मी होतो.

म्हणून सिन्नरचा प्रज्वल भाबड. एकोणीस.
ओठावर कोवळं मिसरूड,
चेंडू बोटांवर टेकतच नाही, आला की गेला.
मालेगावला फायनल आम्ही पाचव्या सेटला हरलो, दोन गुणांनी.
परतीच्या बसमध्ये मागून कुणीतरी म्हणालं, वाल्मीक हवा होता.
नको होता.
वाल्मीक असता तर आदल्या दिवशीच
बॅगा आवरून घरी आलो असतो.
निर्णय बरोबर होता. आज विचारा, पुन्हा हात वर करीन.

पण त्या बैठकीच्या रात्री तो जेल रोडला घरी आला.
चप्पल न काढता दारातच उभा.
"तुझा हात होता?"
आत टीव्ही चालू. बायकोनं चहाचं विचारलं.
मी म्हणालो, नाही रे.
वर असंही म्हणालो, की तुझ्या बाजूनं बोललो,
पण ऐकतंय कोण.

वाल्मीकनं मान हलवली.
बराच वेळ अंगणातल्या नळाकडे बघत राहिला,
तो गळत होता, महिनाभर गळतच होता.
मग म्हणाला,
"असता तर बरं झालं असतं.
त्या पाचांत खेळ कळणारा तू एकटा.
तू म्हणाला असतास, तर पटलं असतं मला."

मी उंबऱ्याच्या अलीकडे.
चेंडू अगदी हवा तिथं, हवा तेवढा उंच,
सावकाश खाली येत होता.
माझे पाय हलले नाहीत.